मोहाच्या प्रसंगी वचनाचा आधार: प्रभूची तीनही उत्तरे ‘अनुवाद’ या पुस्तकातूनच का?

अभ्यासक_नगर

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीतील तरुणांच्या पवित्र शास्त्र अभ्यासात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, म्हणजे अरण्यात चाळीस दिवस उपास केलेल्या येशूची सैतान परीक्षा घेतो तो प्रसंग, चालू असताना एका मुलाने विचारलेला प्रश्न इथल्या जाणकारांपुढे ठेवावा, म्हणून हा धागा काढत आहे. त्याचे म्हणणे असे होते की, प्रभू येशूने सैतानाला तीन वेळा शास्त्रवचनाने उत्तर दिले हे खरे, पण आम्हांला ऐन मोहाच्या क्षणी एकही वचन आठवत नाही आणि आठवले तरी मन त्याला जुमानत नाही. मग या अध्यायातून आम्ही शिकायचे तरी काय?

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर प्रभूने कोणती वचने निवडली यात आहे. तीनही वचने जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत आणि तीही सहाव्या व आठव्या अध्यायांतली, म्हणजे मोशेच्या एकाच सलग उपदेशातली आहेत. संपूर्ण जुना करार समोर असताना प्रभू या दोन-तीन पानांच्या बाहेर जात नाही. यावरून मला असे वाटते की, अरण्यातील त्या चाळीस दिवसांत तो याच भागाचे मनन करीत असावा, आणि परीक्षक आला तेव्हा त्याला उत्तर शोधावे लागले नाही.

त्या उपदेशाचा विषय पाहिला म्हणजे निवडीचे कारणही उलगडते. मोशे इस्राएलाला अरण्यातील चाळीस वर्षांची आठवण करून देत आहे. देवाने तुला उपाशी राहू दिले आणि मग तुझ्या वाडवडिलांना ठाऊक नसलेला मान्ना, म्हणजे आकाशातून दिलेले अन्न, खाऊ घातला, तो मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे तुला कळावे म्हणून, असे आठव्या अध्यायाचे तिसरे वचन सांगते. आणि लगेच पाचव्या वचनात, बाप मुलाला शिस्त लावतो तशी देव तुला शिस्त लावत आहे, असे येते. आता मत्तयाकडे परत या. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून ‘हा माझा पुत्र’ अशी वाणी झाली आणि त्यानंतर परीक्षकाचे, म्हणजे सैतानाचे, पहिलेच शब्द ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ या धोंड्यांच्या भाकरी कर, असे आहेत. पुत्र असून भूक का, हा त्याचा खोचक सवाल आहे. प्रभूचे उत्तर अशा ठिकाणाहून येते, जिथे भूक ही पित्याने सोडून दिल्याची खूण नसून त्याच्या संगोपनाचा भाग आहे. वचनाचा संदर्भ ठाऊक नसेल तर हे उत्तर केवळ ‘अन्नापेक्षा आत्मिक गोष्टी श्रेष्ठ’ एवढ्यावर येऊन थांबते, आणि त्याची अर्धी धार जाते.

दुसरे उत्तर, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको, हे अरण्यातील मस्सा या ठिकाणाच्या आठवणीतून आले आहे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात पाणी नाही म्हणून लोक कुरकुर करतात आणि परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही, असे विचारतात. सैतान सुचवतो तसे मंदिराच्या शिरोभागावरून उडी मारून देवाला आपली राखण करायला भाग पाडणे म्हणजे तोच प्रश्न नव्याने विचारणे होय.

तिसरे मला सर्वांत मोलाचे वाटते. परमेश्वराचीच सेवा कर, ही आज्ञा सहाव्या अध्यायात ज्या ठिकाणी येते, तिथे तिच्या आधी समृद्धीचे वर्णन आहे: तू न बांधलेली नगरे, तू न भरलेली घरे, तू न खणलेल्या विहिरी, तू न लावलेले द्राक्षमळे तुला मिळतील आणि तू खाऊन तृप्त होशील, तेव्हा परमेश्वराला विसरू नकोस. सैतान जगातील सर्व राज्ये व त्यांचे वैभव दाखवतो, तेव्हा प्रभूच्या मनात हा इशारा आधीच जागा असतो.

म्हणून त्या मुलाला मी म्हटले की, या अध्यायात वचन ‘वापरण्याची’ हातोटी दाखवलेली नाही; वचनात आधीपासून राहत असलेला मनुष्य मोहाच्या वेळी कसा बोलतो, हे दाखवलेले आहे. आपणां सर्वांचा या बाबतीतला अभ्यास काय सांगतो?

वसईचा_वाचक

अभ्यासक बंधू, फार चांगला विषय काढलात. आमच्या कॅथलिक उपासनेत उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी याच प्रसंगाचे शुभवर्तमान असते; एका वर्षी मत्तयाचे, पुढच्या वर्षी मार्काचे, त्यानंतर लूकचे. मार्काने तर दोनच वचनांत सारे आटोपले आहे, आणि तिथे एकाही शास्त्रवचनाचा उल्लेख नाही.

तुम्ही संदर्भाचे जे म्हटले आहे, त्याला पुष्टी देणारी गोष्ट सैतानाच्या बाजूनेही दिसते. तोही शास्त्रातूनच बोलतो. एक्क्याण्णवाव्या स्तोत्राची अकरावी व बारावी वचने त्याच्या तोंडी आहेत. पण ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तो तुझे रक्षण करील, यातले मार्गांविषयीचे शब्द तो गाळतो आणि तेराव्या वचनाच्या आधी थांबतो, जिथे देवावर भाव ठेवणारा सिंहाला व सापाला तुडवील असे म्हटले आहे. एदेन बागेत सर्पानेही देवाच्या शब्दांनाच हात घातला होता. शास्त्रवचन तोंडात असणे ही एवढ्यावरून देवाच्या बाजूची खूण ठरत नाही, हे आपण मुलांना स्पष्ट शिकवले पाहिजे.

या निमित्ताने चौथ्या शतकातील एका साधूची आठवण करून द्यावीशी वाटते. काळ्या समुद्राजवळच्या पोंतस प्रांतात जन्मलेला एवाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावाजलेला डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा सेवक, होता. तिथे एका प्रतिष्ठित घरातील विवाहित स्त्रीविषयी त्याच्या मनात आसक्ती निर्माण झाली, तेव्हा तो शहर सोडून जेरुसलेमला गेला, आणि पुढे इजिप्तच्या वाळवंटात, आधी नित्रिया व नंतर केलिया येथील साधूंच्या वस्तीत, 399 साली मृत्यू येईपर्यंत राहिला. त्याने ‘अंतिऱ्हेतिकोस’, म्हणजे प्रत्युत्तर, या नावाचा एक संग्रह केला. माणसाच्या मनाला छळणारे विचार त्याने आठ प्रकारांत मांडले होते: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, आध्यात्मिक कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. प्रत्येकासाठी एक भाग करून त्याने सुमारे पाचशे वचने मांडली आणि कोणत्या नेमक्या विचारासमोर कोणते वचन ठेवायचे, हे एकेका वाक्यात सांगितले. प्रस्तावनेत तो याच अरण्यातील प्रसंगाचा दाखला देतो. त्याच्या काही तात्त्विक मतांचा चर्चने सहाव्या शतकात निषेध केला आणि या संग्रहाची मूळ ग्रीक संहिता आज उपलब्ध नाही. तो आपल्यापर्यंत मुख्यतः सिरियाक भाषांतरातून पोहोचला. तरीही साधकांसाठी त्याने केलेले हे काम मला अमोल वाटते, कारण त्यात मोह हा एक मोघम शब्द राहत नाही. ‘मला मोह होतो’ असे म्हणणाऱ्याला तो जणू विचारतो की, कोणता विचार, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत येतो, ते आधी सांग.

तरुणसंघ_पुणे

दोन्ही प्रतिसाद वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. मात्र आमच्या तरुण संघात वारंवार पुढे येणारी एक अडचण इथे मांडतो. रात्री एकट्याने मोबाइल हातात असताना अश्लील चित्रफितींचा मोह होतो, किंवा झटपट पैशाच्या आशेने पैज लावण्याच्या अ‍ॅपकडे बोट जाते. अशा वेळी मुले मनातल्या मनात वचन म्हणतात, पण ते म्हणत असताना सारे लक्ष त्या मोहावरच खिळून राहते आणि झुंज जितकी लांबते तितका मोह बळावतो. हरल्यावर तर दुहेरी दुःख होते. एक पापाचे आणि दुसरे, देवाचे वचनही माझ्यापाशी निष्फळ ठरले याचे. अशा मुलांना काय सांगावे?

अभ्यासक_नगर

दादा, हा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. ज्या मुलाला हे दुहेरी दुःख होते त्याला पहिली गोष्ट ही सांगावी की, मनात विचार येणे म्हणजे पाप घडणे नव्हे. याकोबाच्या पहिल्या अध्यायात वासना, मग तिची गर्भधारणा, मग पापाचा जन्म असा क्रम दिला आहे. एवाग्रियसचेही सांगणे असेच आहे की, असे विचार मनाला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नसते. ते तिथे रेंगाळतील की नाही हे मात्र आपल्या हाती असते.

दुसरी गोष्ट अशी की, पुष्कळ ठिकाणी शास्त्र आपल्याला उभे राहून झुंजायला सांगतच नाही. जारकर्मापासून पळा, असे पौल करिंथकरांना लिहितो. तरुणपणाच्या वासनांपासून पळ, असे तीमथ्याला लिहितो. योसेफाच्या काळी लेखी नियमशास्त्र नव्हते, तरी मी देवाच्या विरुद्ध पाप कसे करू, एवढी एक जाणीव त्याच्यापाशी होती. आणि त्याचा मालक पोटीफर याच्या बायकोने त्याला मोहात पाडण्यासाठी वस्त्र धरले तेव्हा ते तिच्या हातात सोडून तो घराबाहेर पळाला. तिथे थांबून तिच्याशी वाद घालणे हे अधिक आध्यात्मिक ठरले नसते. मुलगा वचन म्हणत म्हणत पडद्याकडेच पाहत राहिला असेल, तर ज्या वचनाने त्याला पळायला सांगितले आहे ते अजून त्याने पाळलेले नाही.

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचे शेवटचे वचन मी तरुणांना नेहमी देतो: प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका. पुढे थोर धर्मशिक्षक ठरलेला ऑगस्टीन 386 साली मिलान येथील बागेत रडत बसला होता, तेव्हा शेजारून ‘उचल, वाच’ असा लहान मुलासारखा आवाज त्याच्या कानी आला आणि त्याने पुस्तक उघडले तो हाच उतारा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्या कथेतील अद्भुत भागच आपल्या लक्षात राहतो. परंतु त्याआधी कित्येक वर्षे तो स्वतःशी झगडत होता, मिलानचा बिशप अँब्रोज याची प्रवचने ऐकत होता, पौलाची पत्रे वाचत होता, आणि त्या दिवशी त्याचा मित्र अलिपियस त्याच बागेत होता, हे आपण विसरतो.

तरतूद करू नका, या शब्दांचा आजचा अर्थ सरळ आहे. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा, अ‍ॅप काढून टाकावे, त्यात जोडलेले बँक खाते तोडावे, आणि ज्याला निःसंकोच फोन करता येईल असा संघातला एक जाणता भाऊ आधीच ठरवून ठेवावा. हे सारे वचनाच्या आज्ञेतच बसते; आपण उगाचच त्याला दुय्यम समजतो.

सुवार्ता_सेविका

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. वरील विवेचन योग्य आहे, पण ते थोडे एकांगी होत आहे असे मला नम्रपणे वाटते. इफिसकरांस पत्रात देवाच्या वचनाला आत्म्याची तलवार म्हटले आहे. आमच्या सहवास प्रार्थनेत आम्ही सैतानाला येशूच्या नावाने मोठ्याने धमकावतो, वचन घोषित करतो, आणि त्यामुळे भयातून व वाईट सवयींतून सुटका झालेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत. प्रभूनेही ‘सैताना, चालता हो’ असे स्पष्ट म्हटले. अभ्यास आणि शिस्त यांवर सारा भर देऊन आपण वचनातील सामर्थ्य तर कमी लेखत नाही ना?

वसईचा_वाचक

ताई, तुमच्या प्रार्थनासमूहातील अनुभवांचा मी आदर करतो. माझा आक्षेप मोठ्याने म्हणण्याला नाही. प्रभूही शब्दांत बोलला. तरी दोन गोष्टी मांडतो.

सैतानाला अडवा म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल, हे याकोबाचे वचन आपण वारंवार उद्धृत करतो, पण त्याच वचनाची सुरुवात ‘देवाच्या अधीन व्हा’ अशी आहे आणि त्याच्या आगेमागे नम्रतेचा, हात शुद्ध करण्याचा व देवाजवळ येण्याचा उपदेश आहे. पहिला अर्धा भाग सोडून दुसरा घोषित केला, तर आपणही स्तोत्रातले सोयीचे तेवढे घेणाऱ्यासारखेच वागू. प्रेषितांच्या कृत्यांतील स्किवाच्या सात मुलांनी तर येशूचे नावही मोठ्यानेच घेतले होते, पण दुष्टात्मा लागलेल्या माणसाने त्यांनाच घायाळ करून पळवून लावले, असे एकोणिसाव्या अध्यायात आहे.

दुसरे, वचन नेहमी सैतानालाच उद्देशून म्हणावे असे नाही. एवाग्रियसच्या संग्रहातही काही उत्तरे दुष्टात्म्यांना आहेत, तर काही स्वतःच्या जिवाला आणि कित्येक थेट प्रभूला आहेत. त्याच परंपरेत इजिप्तमध्ये राहून गेलेल्या जॉन कॅसियनने तर सर्व प्रकारच्या मोहांसाठी एकच वचन मुखी ठेवायला शिकवले, ते सत्तराव्या स्तोत्राचे पहिले: देवा, मला सोडवायला ये, मला साहाय्य करायला त्वरा कर. आमच्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची रोजची प्रहरप्रार्थना आजही याच हाकेने सुरू होते. ज्याला मोठे उतारे पाठ होत नाहीत अशा वृद्धाला किंवा आजाऱ्यालाही हे एक वचन पुरते, आणि त्यात आपल्या बळाचा अभिमान धरायला जागाच नाही.

सुवार्ता_सेविका

‘अधीन व्हा’ हा भाग आमच्याकडून पुष्कळदा राहून जातो, हे मला मान्य आहे. पुढच्या बैठकीत याकोबाचा तो सगळा उताराच वाचायला घेते.

व्यसनमुक्ती_समुपदेशक

मी व्यसनाधीन माणसांच्या कुटुंबांसोबत काम करतो, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. करिंथकरांस पहिल्या पत्रातील दहाव्या अध्यायाचे तेरावे वचन, म्हणजे देव तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ देणार नाही, हे दारू पिणाऱ्या माणसाच्या तोंडावर फेकले जाते तेव्हा त्याचा अर्थच उलटा होतो. तुला शक्ती दिलेली आहे, तरी तू पितोस, म्हणजे तुझा विश्वासच खोटा, असे ते त्याला ऐकू येते. आणि मार सोसणाऱ्या त्याच्या पत्नीला हेच वचन ‘सहन कर’ म्हणून सांगितले जाते, हे तर त्याहून वाईट आहे.

पौल ते वचन एका मंडळीला लिहीत आहे आणि त्यातला ‘तुम्ही’ हा अनेकांचा आहे. परीक्षेबरोबर देव निभावण्याचा उपायही करतो, असे तो म्हणतो. तो उपाय पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या रूपाने येतो. जो दीर्घकाळ भरपूर दारू पीत आहे त्याने ती एकाएकी बंद केली, तर झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रकार होऊ शकतात, म्हणून त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावे लागते. उपवास प्रार्थनेला बसवून त्याची दारू तोडण्याचा प्रयत्न कृपया कोणी करू नये. पुण्यात 1986पासून चालू असलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या गावोगावच्या सभा, सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभाग, हे सारे त्या ‘उपायात’ मोडतात असे मी मानतो. वचनाचे काम त्यानंतर संपत नाही, उलट खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू होते. कारण शरीर सावरल्यावर लाज, पोकळी आणि रिकामी संध्याकाळ उरते, आणि तिथे स्तोत्रांइतकी चांगली सोबत मी दुसरी पाहिलेली नाही. एक्कावन्नावे आणि एकशे तिसावे ही दोन स्तोत्रे मी बहुतेकांना रोज मोठ्याने वाचायला सांगतो.

रविवारशाळा_शिक्षिका

समुपदेशक बंधूंनी लिहिलेले प्रत्येक मंडळीच्या वडीलजनांनी वाचावे असे आहे.

मी मूळ प्रश्नाकडे, म्हणजे वचन ऐन वेळी का आठवत नाही याकडे, पुन्हा येते. आपण मुलांकडून दर रविवारी एक सुवर्णवचन पाठ करून घेतो आणि पुढच्या रविवारी दुसरे देतो. वर्षअखेरीस बक्षीस मिळते, पण ती वचने एकमेकांना जोडलेली नसल्याने मुलांच्या मनात ती सुटी सुटी राहतात. अभ्यासक बंधूंनी दाखवले त्याप्रमाणे प्रभूच्या मनात एक अखंड उपदेश होता. मजेची गोष्ट म्हणजे पाठांतराची रीतही त्याच उपदेशात आहे: ही वचने आपल्या मुलाबाळांच्या मनावर बिंबव, घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजताना व उठताना त्यांविषयी बोलत जा.

म्हणून आम्ही वरच्या वर्गात रीत बदलली. सुटी वचने थांबवून अनुवादाच्या आठव्या अध्यायाची पहिली दहा वचने आम्ही सलग घेतली. आधी गोष्ट सांगायची, मग मोठ्याने वाचायचे, मग थोडे थोडे पाठ करायचे, आणि घरी आईवडिलांनी जेवणाच्या वेळी त्यातले एक वचन विचारायचे. यात वेग कमी आहे, बक्षीस समारंभात सांगायला आकडाही मोठा नसतो. पण शाळेत कॉपी करण्याचा प्रसंग आला तेव्हा आपल्याला मान्न्याची गोष्ट आठवली, दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले होते ती, असे एका मुलीने आपणहून सांगितले. तिला वचनाचा क्रमांक सांगता आला नाही, आणि मी तो विचारलाही नाही.

चालीवर म्हटलेले फार काळ टिकते, हेही लक्षात घ्यावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे आपल्या आजीआजोबांना म्हातारपणीही तोंडपाठ असत. स्तोत्रांनाही अशा साध्या चाली लावून ती घराघरांत म्हटली गेली पाहिजेत.

तरुणसंघ_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटची शंका आहे. समजा सारे केले, मोबाइल बाहेर ठेवला, भाऊ नेमला, उतारा पाठ केला, आणि तरीही मुलगा पुन्हा पडला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोणते वचन उघडावे?

अभ्यासक_नगर

लूक सांगतो की, अरण्यातील परीक्षा संपल्यावर सैतान संधी मिळेपर्यंत प्रभूला सोडून गेला. म्हणजे तो पुन्हा येणार होता. ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ हेच शब्द मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात वधस्तंभाजवळून जाणाऱ्यांच्या तोंडी पुन्हा येतात. त्या वेळी प्रभू त्यांना उत्तर देत नाही. तो बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत पित्याला हाक मारतो, आणि लूकच्या वृत्तान्तात एकतिसाव्या स्तोत्राच्या शब्दांत आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो.

पडलेल्या मुलाने त्या सकाळी इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायाची शेवटची दोन वचने उघडावीत. आपल्याप्रमाणे सर्व प्रकारे पारखलेला, तरी निष्पाप असा प्रमुख याजक आपल्याला आहे, म्हणून कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाऊ या, असे तिथे लिहिले आहे. वाचून झाल्यावर त्याने नेमलेल्या भावाला फोन करावा, आणि हे त्याच सकाळी करावे, कारण आपण आता देवासमोर जाण्याच्या लायकीचे उरलो नाही हा विचार दुपारपर्यंत पक्का होतो आणि मग तो स्वतःच एक मोह होऊन बसतो. तुमच्या संघात या दोन वचनांवर बैठक घ्यायची असेल तर मला कळवा, मी माझी टिपणे पाठवतो.